डिस्क ‘गुड’ होती : दोन गाजलेले शोधनिबंध आणि आर्वीतलं एक कापूस खरेदीचं दुकान

शोधनिबंध वाचताना त्यातले आकडे बरोबर आहेत का, हे आपण तपासतो. ते आकडे नेमके कोणाबद्दल आहेत, हे तपासायचं मात्र राहून जातं. माझं राहिलं होतं. त्याची किंमत माझ्या मामांनी मोजली, म्हणून आजची ही पोस्ट.

मामांचं आर्वीत कापूस खरेदीचं छोटं दुकान आहे. शेतकऱ्यांकडून कापूस घ्यायचा आणि गाडी भरली की जिनिंगला द्यायचा. एक काटा, एक दिवाणजी, एक संगणक. मी एम.एस्सी. सांख्यिकी करून पीएचडीला लागले, तेव्हापासून घरच्यांच्या लेखी ‘संगणकातलं सगळं कळणारी’ मीच. त्यामुळे दुकानाचा हिशेब वहीतून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये मीच नेला. कोणाची किती उचल, कोणाचा किती चुकारा बाकी, सगळं एका क्लिकवर. दिवाळीत घरी आले तेव्हा डिस्कची तब्येत दाखवणारं एक फुकट सॉफ्टवेअर चालवून पाहिलं. त्यात ‘गुड’ आलं. मामांना सांगितलं, ‘डिस्क चांगली आहे, आणि बॅकअपही रोज आपोआप होतोय.’

ऐन हंगामात, डिसेंबरमध्ये, संगणक सुरूच होईना. डिस्क गेली होती. आणि बॅकअप? तो मी ‘डी’ ड्राइव्हवर लावून दिला होता. ‘सी’ आणि ‘डी’ ही एकाच डिस्कची दोन नावं. घर एकच, खोल्या दोन. घर पडल्यावर कुठल्या खोलीत काय ठेवलं होतं याला काय अर्थ? नागपूरच्या डेटा रिकव्हरीवाल्यानेही चार दिवसांनी हात वर केले.

मामा फक्त एवढंच म्हणाले, ‘तू त गुड म्हनली होती ना वं?’

त्यानंतर मी डिस्क बिघाडावरचे दोन प्रसिद्ध निबंध पुन्हा काढले. दोन्ही मी आधी वाचलेले होते, एकावर तर सेमिनारही दिला होता. या वेळी दुकानात बसून वाचले आणि ते वेगळेच दिसले.

निबंध पहिला : दहा लाख तास म्हणजे किती?

फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकेत सॅन होजे इथे ‘फास्ट’ नावाची साठवण-तंत्रज्ञानाची परिषद झाली. दोन्ही निबंध त्याच परिषदेतले. पहिला कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांचा.

त्यांचा प्रश्न साधा आहे. कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, बिघाडापर्यंतचा सरासरी काळ १० लाख तास. एका वर्षात ८,७६० तास. म्हणजे डिस्क सरासरी ११४ वर्षं चालणार! अर्थात तसा अर्थ कोणी घेऊ नये. त्याचा वापरण्याजोगा अर्थ असा : वर्षभर चालू असलेल्या १०० डिस्कपैकी सुमारे ०.८८ डिस्क वर्षात जाव्यात. एक टक्क्याहूनही कमी.

श्रोडर आणि गिब्सन यांनी माहितीपत्रक बाजूला ठेवलं आणि प्रत्यक्ष डिस्क बदलल्याच्या नोंदी गोळा केल्या. मोठी संगणन केंद्रं आणि इंटरनेट कंपन्या मिळून सुमारे १ लाख डिस्क. निष्कर्ष : वर्षाला बदलण्याचं प्रमाण एक टक्क्याच्या वरच, २ ते ४ टक्के नेहमीचं, काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत. आणखी एक गोष्ट. पाठ्यपुस्तकात बिघाडाची ‘बाथटब’ आकृती असते : सुरुवातीला जास्त बिघाड, मग सपाट शांत काळ, शेवटी पुन्हा चढ. त्यांच्या नोंदींत तो सपाट तळ दिसलाच नाही. वय वाढेल तसं बदलण्याचं प्रमाण लवकरच आणि सतत वाढत गेलं.

निबंध उत्तम आहे, यात वाद नाही. कंपनीचा दावा आणि शेतातलं पीक यांत फरक असतो हे आपल्याकडे बियाणं घेणाऱ्या कोणालाही सांगावं लागत नाही. पण ते मोजून दाखवणं हे संशोधन.

निबंध दुसरा : ‘गुड’चा अर्थ

दुसरा निबंध गूगलमधल्या पिन्हेरो, वेबर आणि बारोसो यांचा. १ लाखाहून जास्त डिस्क, आणि त्याही आपण दुकानातून घेतो तशा साध्या प्रकारच्या. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या काही नोंदी ठेवते, त्याला ‘स्मार्ट’ म्हणतात. मी दिवाळीत जे ‘गुड’ पाहिलं ते याच नोंदींवरून आलेलं.

त्यांना काय दिसलं? काही खुणा खरोखर धोक्याच्या असतात. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडली, तर पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क जाण्याची शक्यता चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट. म्हणजे ‘खराब’ असं आलं तर लगेच विश्वास ठेवा.

पण उलट बाजू पाहा. प्रत्यक्ष बिघडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कमध्ये चार सर्वांत प्रबळ खुणांपैकी एकही दिसली नव्हती. तापमान सोडून बाकी सगळ्या खुणा धरल्या, तरी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्क कोरी पाटी ठेवून गेल्या.

सांख्यिकीच्या विद्यार्थ्याने इथे थांबायला हवं. ‘खूण दिसली तर धोका मोठा’ आणि ‘खूण नाही तर धोका नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं खरं असलं म्हणून दुसरं खरं होत नाही. ताप आला तर आजार असेल; ताप नाही म्हणजे आजार नाही असं नाही. हे मी वर्गात शिकवलेलं आहे. मामांना सांगताना मात्र नेमकं दुसरं विधान करून मोकळी झाले.

आता टीकेकडे येते. टीका म्हणजे निबंध चुकीचे आहेत असं नाही. ते जिथवर जातात तिथवर बरोबर आहेत. आपण त्यांना त्यापुढे ओढत नेतो, आणि काही ठिकाणी त्यांनीच आपल्याला रस्त्यात सोडलेलं आहे.

आक्षेप १ : लाख डिस्कवाला आणि एक डिस्कवाला

समजा, वर्षाला ३ टक्के डिस्क जातात. ज्याच्याकडे १ लाख डिस्क आहेत त्याच्यासाठी हा खरेदीचा अंदाज आहे : वर्षाला ३,००० डिस्क मागवून ठेवा. त्याचा डेटा तीन-तीन ठिकाणी असतो. डिस्क गेली की कर्मचारी येतो, काढतो, नवी लावतो.

मामांकडे डिस्क एक. तिचे ३ टक्के जात नाहीत. ती एकतर असते किंवा नसते. त्यांच्यासाठी प्रश्न ‘किती जातात’ हा नाहीच, ‘गेली तर काय उरतं’ हा आहे. दहा वर्षांचा हिशेब केला, दरवर्षी तेच ३ टक्के धरले, तरी किमान एकदा डिस्क जाण्याची शक्यता सुमारे २६ टक्के. चारातला एक. आणि बाजारात अशी ४० दुकानं असली, तर एका वर्षात त्यांतल्या निदान एकाची डिस्क जाण्याची शक्यता ७० टक्के. माहितीपत्रकातला ०.८८ टक्के धरला तर तीच शक्यता ३० टक्के येते. दोन्ही आकडे कॅल्क्युलेटरवर करून पाहा. १ मधून ०.९७ चा ४० वा घात वजा करायचा, बस.

म्हणजे दरवर्षी बहुधा कोणाचं तरी दुकान बसणार. कोणाचं, ते सांगता येत नाही. दोन्ही निबंधांचं एकक ‘डिस्क’ आहे. आपल्याकडे एकक ‘दुकान’ असायला हवं.

आक्षेप २ : बिघाड कोणी ठरवला?

पहिल्या निबंधात ‘बिघाड’ म्हणजे डिस्क बदलली गेल्याची नोंद. लेखकांनी हे प्रामाणिकपणे लिहिलं आहे. परत गेलेल्या डिस्कपैकी बऱ्याच डिस्कमध्ये उत्पादकाला दोष सापडत नाही, हेही त्यांनी मांडलं आहे. म्हणजे ग्राहकाचा आकडा फुगलेला असू शकतो.

आर्वीत नेमकं उलटं होतं. इथे डिस्क कुरकुरायला लागली तरी कोणी बदलत नाही. ‘हंगाम जाऊ द्या, मग पाहू.’ संगणक दोनदा अडला, तिसऱ्यांदा सुरू झाला, की तो ‘चालू’ धरला जातो. मोठ्या केंद्रात बिघाडाची नोंद लवकर होते, आपल्याकडे ती उशिरा होते किंवा होतच नाही. तोच शब्द, दोन वेगळ्या गोष्टी. तुमच्या प्रबंधात ‘बिघाड’, ‘वापर’, ‘संगणकीकृत’ असे शब्द असतील, तर पहिल्याच प्रकरणात लिहा : हे कोणी ठरवलं आणि कधी?

आक्षेप ३ : उन्हाळा कोणाचा?

गूगलच्या निबंधातला सर्वांत गाजलेला निष्कर्ष तापमानाचा. उष्णतेने डिस्क जातात असा समज होता. त्यांना तसा सरळ संबंध दिसला नाही. उलट, थंड डिस्कमध्ये बिघाड जास्त दिसले. फक्त फार उच्च तापमानाला आणि तीन-चार वर्षं जुन्या डिस्कमध्ये उष्णतेचा परिणाम दिसला.

हा निष्कर्ष मी कितीतरी ठिकाणी ‘गरमीने काही होत नाही’ असा उद्धृत केलेला पाहिला आहे. थांबा. त्या अभ्यासातल्या बहुतेक डिस्कचं तापमान ५० अंशांच्या खाली होतं, आणि तेही वातानुकूलित इमारतीत. आपल्या वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात बाहेरच ४५ अंशांच्या वर जातं. टिनाच्या छपराखालचं दुकान, त्यात टेबलाखाली ढकललेला डबा, आत कापसाचे तंतू आणि धूळ बसून जाम झालेला पंखा. अशा डब्यातली डिस्क त्यांच्या आलेखाच्या उजव्या कडेला किंवा त्याही पलीकडे असणार. जिथे नमुना संपतो तिथे निष्कर्षही संपतो. आणि दुकानातली डिस्क जुनी असते; मामांची पाच वर्षांची होती. म्हणजे निबंधाने जे दोन अपवाद सांगितले, नेमके तेच दोन्ही आपले.

वयाच्या आकड्यांबद्दलही जपून. त्याच निबंधात पहिल्या वर्षातल्या डिस्कचं बिघाडाचं प्रमाण १.७ टक्के आणि तीन वर्षांच्या डिस्कचं ८.६ टक्क्यांहून जास्त दिलं आहे. पण वेगवेगळ्या वयाच्या गटांत वेगवेगळी मॉडेलं मिसळलेली होती, आणि कोणतं मॉडेल कोणत्या कंपनीचं हे लेखकांनी उघड केलेलं नाही. त्यामुळे हा फरक वयाचा किती आणि मॉडेलचा किती, हे बाहेरच्या वाचकाला वेगळं काढता येत नाही. ज्याला डिस्क विकत घ्यायची आहे त्याला सर्वांत उपयोगी माहिती हीच होती. ही माझी खरी तक्रार.

आक्षेप ४ : दोन प्रती, एक स्विचबोर्ड

हा आक्षेप निबंधांपेक्षा वाचकांवर जास्त आहे. एक डिस्क जाण्याची शक्यता ३ टक्के, तर दोन्ही एकाच वर्षात जाण्याची शक्यता किती? चटकन उत्तर येतं : ०.०३ गुणिले ०.०३, म्हणजे दहा हजारात ९. पण हा गुणाकार तेव्हाच चालतो जेव्हा दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतात. श्रोडर आणि गिब्सन यांनी दाखवून दिलं आहे की मोठ्या केंद्रांतसुद्धा बिघाड असे स्वतंत्र नसतात; ते घोळक्याने येतात.

दुकानात तर घोळका ठरलेलाच. संगणक, बाहेरची डिस्क, राऊटर, प्रिंटर, सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर. लाइट जाते, येताना झटका देऊन येते. घरचा इन्व्हर्टर लावलेला असतो, पण तो यूपीएस मोडवर नसला तर मधल्या क्षणात संगणक बंद पडतोच. बॅकअपचा पेनड्राइव्ह तर कायमचा खोचून ठेवलेला. व्हायरस आला तर दोन्हीकडे आला. चोर आला तर दोन्ही नेणार. माझ्या ‘डी’ ड्राइव्हची गोष्ट म्हणजे यातली शेवटची पायरी : प्रती दोन, डिस्क एक.

हे छोट्यांचंच असतं असं समजू नका. २७ जून २०१७ रोजी न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचं काम ठप्प झालं. आपल्या भागातल्या गाठी परदेशी जातात तेव्हा बऱ्याचदा याच बंदरातून जातात. टर्मिनल मर्स्क समूहाचं, आणि मर्स्कच्या जगभरच्या यंत्रणेत ‘नॉटपेट्या’ शिरला होता. तो पसरला युक्रेनमधल्या एम. ई. डॉक नावाच्या कर-हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. म्हणजे सुरुवात कुठून, तर हिशेबाच्या साध्या पॅकेजमधून. मर्स्कला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, असं कंपनीच्या अध्यक्षांनी २०१८ मध्ये दावोसला सांगितलं.

पत्रकार अँडी ग्रीनबर्ग यांनी यातला एक तपशील पुढे आणला. कोणत्या संगणकाला कुठे प्रवेश, याचा नकाशा ठेवणारे मर्स्कचे सुमारे १५० सर्व्हर जगभर होते. ते एकमेकांची प्रत ठेवायचे, म्हणून वेगळा बॅकअप कोणाला गरजेचा वाटला नव्हता. सगळे एकाच फटक्यात पुसले गेले. वाचला एकच, घानामधला. कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती.

विजेच्या नावाने आयुष्यभर बोटं मोडलेल्या आपल्यासारख्यांना हे वाचून हसू येतं. पण धडा सांख्यिकीचा आहे. १५० प्रती होत्या, पण त्या परस्परांना बांधलेल्या. स्वतंत्र प्रत एकच, आणि ती योगायोगाने स्वतंत्र झाली. प्रती मोजू नका, स्वतंत्र प्रती मोजा.

मग एसएसडी घेतली की झालं?

‘आता हार्ड डिस्क कोण वापरतं?’ असा प्रश्न येणारच. याच बियांका श्रोडर यांनी गूगलमधल्या दोन संशोधकांसोबत २०१६ मध्ये एसएसडीवर निबंध लिहिला. सहा वर्षांचा डेटा. एसएसडी बदलाव्या लागण्याचं प्रमाण हार्ड डिस्कपेक्षा कमी, हे खरं. पण दुरुस्त न होणाऱ्या चुका मात्र जास्त : पहिल्या चार वर्षांत २० ते ६३ टक्के एसएसडींत निदान एक तरी अशी चूक. डिस्क चालू, फाइल मात्र उघडत नाही. वस्तू बदलली, प्रश्न तोच.

आपल्या प्रश्नावल्यांचं काय?

परदेशी निबंधांवर टीका सोपी. आता स्वतःकडे. व्यापाऱ्यांच्या संगणकीकरणावरच्या प्रश्नावल्या मी पाहिल्या आहेत, एक भरूनही दिली आहे. ‘आपल्याकडे संगणक आहे काय?’ होय. ‘आपण बॅकअप घेता काय?’ होय. ‘संगणकामुळे कार्यक्षमता वाढली काय?’ पूर्णतः सहमत.

डिसेंबरच्या आदल्या दिवशी ही प्रश्नावली आली असती, तर मामांनी तिन्ही उत्तरं अशीच दिली असती. खोटं बोलून नाही, मनापासून. आणि कुठल्या तरी प्रबंधात ते ‘बॅकअप घेणारे’ या रकान्यात मोजले गेले असते.

त्यामुळे अशा विषयावर काम करणार असाल तर माझी विनंती : ‘घेता काय’ असं विचारू नका, ‘परत आणून दाखवा’ म्हणा. गेल्या सोमवारची एक पावती दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवा, किती मिनिटं लागली ते लिहा. प्रत कुठे ठेवली आहे ते डोळ्यांनी पाहा. त्याच बोर्डावर आहे का, त्याच खोलीत आहे का. शेवटचं कधी परत आणून पाहिलं होतं ते विचारा. नमुना ३० दुकानांचा असला तरी चालेल, पण तीसही दुकानांत पाय ठेवा. आणि एक प्रश्न दिवाणजींना वेगळा विचारा, मालकासमोर नको : ‘मशीन बंद पडली तर तुम्ही काय करता?’ खरी यंत्रणा त्या उत्तरात सापडते.

दुकानाचं पुढे काय झालं

विक्रीची बाजू बरीच परत मिळाली. जिनिंगला दिलेल्या मालाची बिलं जीएसटीच्या पोर्टलवर होती. पण शेतकऱ्याकडून कापूस घेतला की कर घेणाऱ्याने भरायचा, आणि विवरणपत्रात ती खरेदी एकरकमी जाते. कोणत्या शेतकऱ्याचा किती क्विंटल, किती चुकारा बाकी, हे सरकारच्या कुठल्याच सर्व्हरवर नसतं. ते फक्त आमच्या डिस्कवर होतं.

आणि दिवाणजींच्या काटापट्टीच्या पुस्तकात. मी ‘आता याची गरज नाही’ म्हणून सांगितलं होतं, तरी ते कार्बन घालून दुसरी प्रत ठेवतच होते. ‘ताई, तुमची मशीन गेली, माहा कार्बन हाय ना,’ म्हणाले. तीन रात्री बसून आम्ही वजनं आणि भाव पुन्हा भरले.

उचलीची वही मात्र त्यांनी माझ्या सांगण्यावरून खरंच बंद केली होती. कोणाला किती पैसे देऊन झाले, याचा कागद नाही. एक म्हातारे शेतकरी आले, म्हणाले, ३८ हजार बाकी आहेत, माझी चिठ्ठी हरवली. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं, दिवाणजींकडे पाहिलं, आणि पैसे दिले. नंतर मला म्हणाले, ‘तो खोटं बोलनार नाही. पन मले आता कोनाचंच सांगता येत नाही.’ त्या हंगामात असे अकरा जण आले. अकराही जणांना दिले. त्यांतले किती आकडे बरोबर होते, हे कोणालाच कळणार नाही. आणि मामांचा विश्वास चुकला असता तरी दोष त्या माणसांचा नव्हता, नोंदीचा होता.

आता दुकानात दोन बाहेरच्या डिस्क आहेत. एक लावलेली, एक घरी कपाटात. दर शनिवारी अदलाबदल. महिन्यातून एकदा माझ्या लॅपटॉपवर एक जुनी पावती परत आणून पाहते. उचलीची वही पुन्हा सुरू झाली आहे. दिवाणजी ती उघडताना माझ्याकडे बघत नाहीत, एवढं त्यांचं मन मोठं.

वाचकांनो, एक गृहपाठ. तुमच्या प्रबंधाचा डेटा आत्ता कुठे आहे? त्याची दुसरी प्रत कुठे आहे? ती उघडून शेवटचं कधी पाहिलं? उत्तर ‘लॅपटॉपच्या डी ड्राइव्हवर’ असेल, तर पुढचा निबंध वाचायच्या आधी उठा.